सूचना आमची, हात तुमचे

कागदावर दोन ओळींची सूचना लिहायची, ती प्रेक्षकाने पाळायची आणि या सगळ्या व्यवहारालाच कलाकृती म्हणायचं, असा एक प्रकार जगभरच्या कलादालनांत मानाने नांदतो. योको ओनोबाईंनी 1964 साली अशा सूचनांचं अख्खं पुस्तकच काढलं. 1966 साली लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी एक फळी लावली, जवळ हातोडा ठेवला; खिळे प्रेक्षकांनी ठोकायचे. सोल लेविट भिंतीवरच्या चित्रांच्या सूचना लिहून देत, रेघा दुसरेच ओढत. आपल्याकडे असं एक माणूस घरोघरी असतं, फक्त त्याला कुणी कलावंत म्हणत नाही.

वर्धेकरांना मात्र याचं फारसं नवल वाटू नये. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. पहिल्या कुटीसाठी त्यांची सूचना अशी: सामान इथलंच, कारागीर इथलेच आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत. आजचा कंत्राटदार हिला निव्वळ संकल्पनात्मक कलाच म्हणेल.

पण या प्रकारातला मोठा प्रयोग झाला 17 ऑक्टोबर 1940 ला, जवळच्याच पवनारात. गांधीजींनी आखलेल्या वैयक्तिक सत्याग्रहाची रीत सुटसुटीत होती. कुठे आणि केव्हा बोलणार ते सरकारला आधी कळवायचं. इंग्रजांच्या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, असं चारचौघांत सांगायचं. आणि पकडलं नाही तर तेच सांगत दिल्लीच्या वाटेला लागायचं. पहिले सत्याग्रही विनोबा. गंमत म्हणजे यात पोलिसांनाही भूमिका होती, आणि ती न वठवण्याची सोय नव्हती. ते आले नाहीत तर प्रयोग पायी पुढच्या गावी! शेवटी 21 ऑक्टोबरला त्यांनी आपलं काम केलं.

तरी सूचना म्हणजे सर्वस्व नव्हे. सेवाग्रामातली बापू कुटी, गांधीजींची नंतरची कुटी, मुळात त्यांच्या शिष्या मीराबहेन यांची. तिच्या मातीच्या भिंतीवर त्यांनी आपल्या हातांनी ताडाची झाडं उठवली, चरखा उठवला. काटकसरीच्या कोणत्या कलमात ताड बसतो? करणाऱ्याचा हात न सांगितलेलं थोडं घालतोच, आणि सांगणाऱ्याने ते गोड मानून घ्यायचं असतं. गांधीजी पुढे त्याच भिंतींत राहिले.

संग्रहालयांना एकच सूचना ठाऊक असते: हात लावू नये. मातीच्या कुटीला ती परवडत नाही. पावसाळा सरल्यावर कुणी लिंपायला हात लावला नाही, तर बघायला काही उरायचंच नाही.