देऊळ फिरलं, टूलबार फिरेना

हिंगोलीत फ्लेक्सचा धंदा करायचा म्हणजे कोरलड्रॉ आलंच, आणि फोटो कापायला फोटोशॉप. कोरलमध्ये स्पेसबार दाबला की पिक टूल येतं. फोटोशॉपमध्ये तोच स्पेसबार पान सरकवतो. कोरलमध्ये आयताच्या टूलवर डबल क्लिक केलं तर पानभर चौकट, पिक टूलवर केलं तर सगळंच सिलेक्ट! मग बॉर्डर ओढायला जावं, तर भावी आमदारांसकट झाडून सगळे मान्यवर डावीकडे सरकतात. (पक्षांतर म्हणतात ते हेच असावं.)

संत नामदेवांसाठी औंढा नागनाथाचं अख्खं देऊळ फिरलं, अशी कथा आहे. म्हणून नंदी अजून देवळाच्या पाठीमागेच आहे. डिझायनर पोरांसाठी मात्र एक बटण हलत नाही, आणि नवी आवृत्ती आली की नको तेच हलतं. म्हणून दुकानात जुनीच चालते. तिचं लायसन्स कुठंय, हे विचारायचं नसतं.