टाकेभाऊ

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत शेताकडे गेलात, तर विहिरीशेजारी सिमेंटचं टाकं दिसेल. मोटर त्यात पाणी टाकते, बैल ते पितात आणि मे महिन्यात पारा 44 अंशांकडे सरकला की सुटीतली पोरं त्यात डुंबतात. आमचे टाकेभाऊ यालाच ‘घरचा स्विमिंग पूल’ म्हणतात. असा एकेक टाकेभाऊ वऱ्हाडातल्या बहुतेक गावांत असतो. नाव वेगळं, थापी तीच.

एप्रिल उजाडला की टाकेभाऊ टाक्याच्या काठावर उकिडवे बसतात आणि भिंतीवर टिचक्या मारून कान लावतात. निदान ठरलेलं. “पानी कमी होऊन राह्यलं म्हंजे टाकं गळून राह्यलं. सरळ हिशेब हाय!” मग टाकं रिकामं होतं. बैल शेजाऱ्याच्या टाक्यावर जातात, पोरं रुसतात आणि भाऊ कारंज्याहून आकाशी रंगाचा डबा घेऊन येतात. कोण्या लग्नात एका हॉटेलातला तलाव त्यांनी पाहिला, तेव्हापासून पाण्याला निळेपणा आणायचं त्यांनी मनावर घेतलं आहे.

मिस्त्री बिचारा सांगतो, जुना गिलावा खरवडा, टाचे मारा, कोपरे गोल करा. नवा गिलावा आठ-दहा दिवस ओला ठेवा, मग चांगला वाळू द्या आणि त्यानंतर ऑइलपेंट. सिमेंटला पुरती ताकद यायला 28 दिवस धरतात. भाऊंचं उत्तर, “तवरोक रंग डब्यातच म्हातारा होईन!” तिसऱ्या दिवशी ब्रश फिरतो. आतली ओल उन्हानं वाफ होऊन बाहेर यायला बघते आणि वाटेत रंग आडवा. त्याला फुगे येतात, फुग्यांचे पोपडे होतात आणि टाकं पुन्हा भरलं की पोरं अंगावर आकाश चिकटवून घरी येतात. दोष अर्थात कंपनीचा.

एकदा त्यांच्या हाती नातवाचं इतिहासाचं पुस्तक लागलं. मोहेंजोदडोचं महास्नानगृह, साधारण 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबर! भाऊंनी पुढचं वाचलंच नाही. त्या कारागिरांनी डांबर विटांच्या थराआड दडवलं होतं. भाऊंनी ते आतून, थेट उन्हाच्या तोंडावर फासलं. दुपारी ते मऊ झालं. पोरं पट्टेरी होऊन निघाली, बैलांनी पाण्याचा वास घेऊन मान फिरवली, आणि भाऊ सगळ्यांना सांगत सुटले की सिंधू संस्कृती काहून बुडाली ते आपल्याले समजलं.

हा सगळा खर्च मुकाट्यानं पाहणारी त्यांची सून एके दिवशी बादली घेऊन आली. बादलीत पाणी भरून तिनं ती टाक्याच्या आतल्या पायरीवर, पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेवली. बादलीतल्या आणि टाक्यातल्या पाण्याच्या पातळीवर खडूच्या खुणा केल्या आणि मोटर बंद ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलेलं, सेंटीमीटरभर. बादली तर गळत नव्हती! आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन आणि वारा उघड्या टाक्यातलं पाणी असं रोज पिऊन टाकतात. त्याला ना गिलावा थांबवतो, ना डांबर.

भाऊंनी बादली उचलली, उलटीपालटी केली, बुडाला टिचकी मारून कान लावला. “हे बी गळून राह्यली,” ते म्हणाले आणि एमसील आणायला निघाले.

तेव्हा वाचकहो, तुमच्या टाक्यातलं पाणी कमी होत असेल, तर सिमेंट आणण्याआधी एक रात्र नि एक दिवस बादली ठेवून पाहा. टाक्यातलं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं, तरच मिस्त्री बोलवा. आणि टाकेभाऊंच्या कानावर यातलं काहीही जाऊ देऊ नका.