नाना परत का येत नव्हते

नेपरव्हिल, ३० सप्टेंबर २०२४

ती. सौ. आईंना,



परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, की गणपतीला येणार होते त्यांचं तिकीट पितृपंधरवड्यापर्यंत लांबलंच कसं. आणि नानांनी पुन्हा ‘लाइन खराब आहे’ म्हणून फोन चिनूच्या हातात दिला. लाइन उत्तम होती. नानांची तब्येतही उत्तम आहे, साखर ताब्यात आहे, घरात कुणी कुणाशी भांडलेलं नाही. सांगायचा संकोच त्यांना आहे, मला नाही, म्हणून सरळ लिहिते. नाना एका टीमच्या हरण्याची वाट पाहत थांबले होते.

टीम बेसबॉलची, शिकागो व्हाइट सॉक्स. या शहराला बेसबॉलच्या दोन टीम आहेत. उत्तरेच्या कब्सवर सगळं जग प्रेम करतं आणि दक्षिणेकडे हे आमचे पांढरे मोजेवाले. एप्रिलमध्ये नाना आले, त्याच आठवड्यात तुमच्या चिरंजीवांना ऑफिसात कुणीतरी तिकिटं फुकट दिली. फुकट का दिली ते लवकरच कळलं. सीझनच्या पहिल्या पंचवीस सामन्यांत ही टीम तीन जिंकली आणि बावीस हरली.

सगळं बिघडलं ते मैदानाच्या दारातच. स्टेडियमला एका गृहकर्जाच्या कंपनीचं नाव आहे, गॅरंटीड रेट फील्ड, आणि त्या कंपनीचं चिन्ह म्हणजे लालभडक बाण, तोंड खाली केलेला. नानांनी मान वर करून तो बाण बराच वेळ पाहिला. तुम्हाला माहीतच आहे, सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, अवसायनात निघालेल्या पतसंस्थेचा दरवाजा त्याला वासावरून ओळखता येतो. म्हणाले, “ह्यांचं दप्तर बघायला पाहिजे.”

आणि दप्तर खरंच निघालं! बेसबॉल हा खेळ मुळात हिशेबनिसांसाठी काढला असावा आणि खेळाडू नंतर भरले असावेत, असं माझं मत झालंय. प्रत्येक खेळाडूला नंबर असतो, पाठीवरचा नव्हे, जागेचा. चेंडू टाकणारा पिचर एक, मागे बसणारा कॅचर दोन, असं करत राइट फील्डर नऊ. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसवाल्याला दिला, त्याने फर्स्ट बेसवाल्याला, आणि दोघे बाद झाले, तर वहीत लिहायचं ६-४-३. बस्स. नानांनी इंडियन ग्रोसरीतून लांब वही मिळवली, तिच्यावर पट्टीने चौकोन आखले, प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एक तिरका चौकोन काढला (ते मैदान), आणि धाव निघाली की तो भरायचा. फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी ‘के’ काढतात. बॅट न फिरवता नुसता उभा राहून बाद झाला, तर तोच ‘के’ उलटा. नानांचा जीव त्या उलट्या ‘के’वर जडला. म्हणाले, संचालक मंडळाच्या सभांना येऊन चहा पिऊन गप्प बसणाऱ्यांसाठी आपल्या इतिवृत्तात असं एक चिन्ह पाहिजे होतं.

सामने १६२. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, जवळजवळ रोज. म्हणजे आमच्याकडे रोज संध्याकाळी सहा चाळीसला टीव्ही, लांब वही, लाल पेन आणि शेंगदाणे. मी एकदा सुचवून पाहिलं, की नाना, कब्स बघा ना, जरा तरी जिंकतात. त्यावर मला मिळालेलं उत्तर जसंच्या तसं देते: “नफ्यातल्या संस्थेला ऑडिटर कशाला लागतो?”

मग इतिहास सुरू झाला. चिनूच्या लायब्ररी कार्डावर पुस्तकं आली. १९१९ साली या टीमच्या आठ जणांवर पैसे घेऊन वर्ल्ड सीरिज हरल्याचा आरोप झाला. कोर्टातून सुटले, पण बेसबॉलमधून कायमचे बाहेर गेले. नाना म्हणाले, तेव्हाचे निदान वेगळे पैसे घेऊन हरायचे, आताचे पगारात हरतात. १९१७ नंतर वर्ल्ड सीरिज जिंकायला यांना २००५ उजाडलं, मध्ये ८८ वर्षं! मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१पासून आहेत. मायकेल जॉर्डनच्या बुल्सचेही तेच मालक, त्यामुळे एका खिशात सहा अजिंक्यपदं आणि दुसऱ्या खिशात हे.

पण नाना खरे खूश झाले ते घड्याळाच्या गोष्टीवर. १९८८ साली मालक म्हणाले, नवं स्टेडियम सरकारी पैशाने बांधून द्या, नाहीतर टीम फ्लोरिडाला नेतो. ३० जूनच्या मध्यरात्रीपर्यंत इलिनॉयच्या विधिमंडळात ठराव व्हायला हवा होता आणि मतं काही भरत नव्हती. गव्हर्नर स्वतः सभागृहात फिरून एकेकाची मनधरणी करत होते. बारा वाजत आले तेव्हा सभागृहाचं घड्याळच थांबवलं! ठराव झाला बारा वाजून गेल्यावर, आणि कागदावर वेळ पडली ११:५९. नानांनी ही गोष्ट कौतुकाने दोनदा वाचून दाखवली. “आपण उगाच स्वतःला नावं ठेवतो,” असं त्यावर भाष्य.

२३ मेच्या रात्रीबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण त्या रात्री आम्ही कुणी धड झोपलो नाही. बाल्टिमोरशी सामना. शेवटचा डाव, आपले दोन धावांनी मागे, पण चढत्या रंगात. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर माणसं, एकच बाद. बेनिन्टेन्डीने चेंडू उंच उडवला, जागच्या जागी. असा झेल मुद्दाम सोडून दोघांना बाद करण्याची लबाडी होऊ नये म्हणून नियम आहे, की अंपायर आधीच फलंदाजाला बाद जाहीर करतो, झेल घेवो न घेवो. इथवर मलाही कळलं. पण तेवढ्यात दुसऱ्या बेसवरचा वॉन आपल्या बेसकडे परतताना झेल घ्यायला येणाऱ्या शॉर्टस्टॉपच्या वाटेत आला म्हणे. धक्काबुक्की नाही, शॉर्टस्टॉपने झेल सुखाने घेतला. अंपायरने तरीही वॉनलाही बाद दिलं. चेंडू हवेत असताना दोन माणसं बाद आणि सामना खलास, ८-६! नाना सोफ्यावरून उभे राहिले आणि इथे कुणाला कळणार नाही अशा अस्सल सांगलीच्या भाषेत अंपायरशी बोलले. चिनूने त्यातले दोन शब्द शाळेत नेले. ते प्रकरण आता मिटलं आहे.

मग जुलै. १० तारखेला एकाच दिवसात दोन सामने हरले आणि तिथून जी घसरण लागली ती थांबेना. आषाढी एकादशीला आम्ही खिचडी केली तोवर हरतच होते, फक्त मध्ये चार दिवस सगळ्या लीगला सुट्टी होती म्हणून तेवढे दिवस हरले नाहीत. दिव्यांची अवस गेली. ५ ऑगस्टला आकडा २१वर पोचला. एकवीस म्हटल्यावर तुमच्या चिरंजीवांनी मोदकांची आठवण काढली, त्यांना नानांनी गप्प केलं. अमेरिकन लीगमध्ये सलग एकवीस हरण्याचा बाल्टिमोरचा १९८८चा विक्रम होता, त्याची बरोबरी झाली होती. फिलाडेल्फियाने १९६१ साली तेवीस केले होते, म्हणजे आणखी दोन-तीन रात्रींचं काम. आणि ६ तारखेला, मंगळागौरीच्या पहिल्याच मंगळवारी, रात्री उशिरा ओकलंडमध्ये ५-१ने जिंकले! नानांनी पेनाचं टोपण लावलं. “सातत्य नाही,” म्हणाले.

दोन दिवसांनी मॅनेजरला काढलं. एकवीस हरेपर्यंत ठेवलं आणि जिंकल्यावर काढलं, हे नानांना अजून पटलेलं नाही. पण त्याहून मोठा घोळ पुढेच आहे. इथे जो तळाला जातो त्याला पुढच्या वर्षी नवीन पोरांतून आधी निवडायला मिळावं अशी रीत आहे. आता त्यात सोडत असते. आणि नियम असा केलाय, की मोठ्या शहरातल्या, कमावत्या टीमला लागोपाठ दोन वर्षं त्या सोडतीचा लाभ नाही. हे गेल्या वर्षी लाभ घेऊन बसलेले. तेव्हा इतकं जीव तोडून हरूनही यांचा नंबर दहाव्याच्या वर लागणार नाही. नानांनी वहीच्या समासात शेरा मारलाय, ‘अनुदानास अपात्र’.

आता तिकिटाचं. ऑगस्टअखेरीस नानांनी वहीत गणित मांडलं. १९०० नंतर एका सीझनमध्ये सर्वांत जास्त हरण्याचा मान न्यूयॉर्क मेट्सचा, १९६२ साली १२० सामने. पण ती टीम तर त्याच वर्षी जन्माला आली होती. आमचे १९०१पासून अमेरिकन लीगमध्ये. जुनं घर बुडताना पाहण्यात जी गोडी आहे ती नव्यात नाही, असं नाना मानतात. (१८९९ साली क्लीव्हलंडची एक टीम १३४ हरली होती, ती थकबाकी निर्लेखित धरायची म्हणे.) तर हा विक्रम मोडायचा तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणून तिकीट पुढे.

२२ तारखेला सॅन डिएगोत १२०वा सामना हरले आणि बरोबरी झाली. मंगळवारपासून घरी तीन सामने, लॉस एंजेलिसच्या एंजल्सशी. तुमच्या चिरंजीवांनी मंगळवारची तिकिटं काढली. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिथे मक्याचे दाणे काढून, लोणी, चीज, तिखट आणि लिंबू घालून देतात, एलोटे म्हणतात त्याला. नानांचं तेवढंच एक पथ्य मोडलं. चौपाटीवरच्या कणसाला मुंज करून कपात बसवावं तशी चव लागते. भोवती बरीच माणसं आमच्यासारखीच इतिहास पाहायला आलेली. मालकाने टीम विकावी अशा घोषणा सुरू होत्या आणि चिनू त्यात आमच्या सगळ्यांच्या वतीने ओरडत होता. सातव्या डावाच्या मधे सगळं स्टेडियम उठून गाणं म्हणतं. नाना हात जोडून उभे राहिले, आरती म्हटल्यासारखे.

आठव्या डावापर्यंत सगळं रीतसर चाललं होतं, ०-२ने मागे. आणि तिथे या लोकांनी तीन धावा काढल्या! ३-२ने जिंकले. आई, आपली टीम जिंकली म्हणून हिरमुसलेली इतकी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. एक गृहस्थ नानांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. बुधवारी दहाव्या डावात ४-३ने जिंकले. गुरुवारी ७-०. गुरुवारी नाना जेवले नाहीत. वर्षभर ज्यांना जिंकणं फारसं जमलं नाही त्यांनी नेमक्या पितृपक्षात लागोपाठ तीन जिंकायचे म्हणजे काय, आणि तेही घरच्या माणसांसमोर!

शुक्रवारी, २७ तारखेला, डेट्रॉइटला हरले एकदाचे, ४-१. १२१. पण तिथेही नशीब बघा. त्याच विजयाने डेट्रॉइटची टीम २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेली, त्यामुळे मैदानावर सगळा जल्लोष त्यांचा. आमच्या विक्रमाकडे कुत्रं फिरकेना. नानांनी लाल शाईने १२१ लिहिलं, खाली दुहेरी रेघ मारली, आणि वही मिटणार तोच शनिवार-रविवारचे दोन्ही सामने आमचे जिंकले. एकूण ४१ जमा, १२१ नावे. आता नानांना नवीन शंका आहे. मेट्स १६० पैकी १२० हरले होते, हे १६२ पैकी १२१, म्हणजे टक्केवारीत मेट्सच किंचित जास्त वाईट. तेव्हा विक्रम कोणाचा धरायचा? यावर काल रात्री साडेअकरापर्यंत नाना आणि चिनू यांच्यात वाद चालला. चिनू रडला. नानांनी ‘आक्षेपाधीन’ असा शेरा मारून सोडून दिलं.

उद्या ते निघतात. परवा रात्री मुंबई आणि रात्रीच्या बसने गुरुवारी सकाळी सांगली, घट बसायच्या आत घरात असतील. तुमच्या गुडघ्याचा पट्टा, अक्रोड आणि कुकरची शिट्टी बॅगेत वरच्या कप्प्यात आहे. डोक्यावर काळी टोपी असेल, ती उतरवायला सांगू नका. मी सांगून पाहिलं आहे.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. पुढचा सीझन २७ मार्चला सुरू होतो, पहिला सामना पुन्हा त्या एंजल्सशीच. चिनूने नानांच्या फोनवर ॲप टाकून दिलंय. आमचे संध्याकाळी सहा चाळीस म्हणजे तुमचे पहाटेचे पाच दहा, आणि शेंगदाणे भाजलेलेच लागतात, खारे चालत नाहीत. तेव्हा मार्चपर्यंत तुमच्यात काय ते ठरवून घ्या.

तुमची सून