चार तासांचा गडी

सिंधुदुर्गातल्या बागायतीत राबणारी माणसं पूर्वी मोजकीच असायची: मालक, घरचा गडी, रोजावर येणाऱ्या बायका आणि माडावर चढणारा पाडेली. अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे. हा पगार घेत नाही. दिवसाला चार-पाच तास काम करतो आणि त्या बदल्यात राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण घेतो. कामाआधी तो सूर्यनमस्कार घालतो आणि कामानंतर कामाविषयी बोलतो. हे बोलणं चार तासांत धरलेलं नसतं.

टूम मूळची इंग्लंडातली. लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांनी 1971 साली शनिवार-रविवारी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर राबायला जायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढे ‘वूफ’ नावाचं जगभर जाळं झालं. मूळ कल्पनेत माणूस सोमवारी कामावर परत जायचा. आपल्या नमुन्याने सोमवार कधीच सोडून दिलेला असतो. पुण्यातली नोकरी सोडून त्याला वर्ष उलटलेलं असतं. हंपी झालेली असते, गोकर्ण झालेलं असतं, गोव्यातले पैसे गोव्यातच संपलेले असतात. मग कुणीतरी सांगतं, की दोडामार्गाकडे एक आप्पा आहेत, फार गोड माणूस, पैसे मागत नाहीत.

आप्पांची बाग म्हणजे ओढ्याकाठचं जुनं कुळागर. वर माड, मधे पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, खाली केळी, कडेला जायफळाची दोन-चार झाडं. पहिल्या दिवशी हा तिथे उभा राहून दीर्घ श्वास घेतो आणि म्हणतो, “हे खरं फूड फॉरेस्ट आहे, आप्पा.” आप्पा “हां” म्हणतात. त्यांच्या आजोबांनी त्याला पोफळीचं आगर म्हटलं होतं, पण पाहुण्याचं मन कशाला मोडा?

सॅकमध्ये फुकुओकांचं पुस्तक असतंच. नांगरायचं नाही, खत घालायचं नाही, तण काढायचं नाही, फवारायचं नाही, ही त्या जपानी शेतकऱ्याची चार सूत्रं. लवकर उठायचं नाही हे पाचवं याने पदरचं जोडलेलं असतं. सकाळी सहाला आप्पा खोरं घेऊन पाटाचं पाणी पोफळींच्या आळ्यांत फिरवायला जातात, तेव्हा मच्छरदाणीतून आवाज येतो, “मला उठवलं का नाही?” दुसऱ्या दिवशी उठवलं, तर आवाजही येत नाही.

तरी तो आळशी नव्हे. त्याचा जीव जीवामृतात. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती हे नैसर्गिक शेतीवाल्या पाळेकरांचं प्रमाण त्याला तोंडपाठ असतं. हिंजवडीत चहाचा कप स्वतः न विसळलेला हा माणूस कोपरापर्यंत हात शेणात घालून पिंप ढवळतो, काठी उजवीकडूनच फिरली पाहिजे म्हणून स्वतःला बजावतो. घरचा गडी लांबून बघत असतो. त्याला शेणाचं काही वाटत नाही, त्याचा जीव बेसनासाठी तुटतो. एक दिवस न राहवून तो आप्पांच्या बायकोला, काकींना, विचारतो, “ह्यो पगार घेणा नाय? मगे ह्येका परवडता कसा?” ह्या प्रश्नाचं उत्तर काकींकडे नसतं. माझ्याकडेही नाही.

नारळ सोलणं मात्र बघावं. जमिनीत उभी रोवलेली लोखंडी पहार, तिच्या टोकावर नारळ आपटायचा आणि मनगटाने पिळायचा. गड्याचे तीन हिसके, की सोडणं बाजूला आणि गुळगुळीत नारळ हातात. आपला पाहुणा आधी मोबाइल दगडाला टेकवून ठेवतो. मग नारळ कपाळाला लावून त्याचे आभार मानतो. मग आपटतो. नारळ निसटून गोठ्याकडे पळतो, त्यामागे हा आणि त्याच्यामागे कुत्रा. तोवर मोबाइल आडवा पडून निव्वळ आभाळ टिपत राहतो. संध्याकाळी खळ्यात बसून तो ती फीत दाखवतो आणि हसता हसता काकींच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या घरात असं हसू बऱ्याच दिवसांत झालेलं नसतं.

कारण तो ज्या खोलीत उतरलाय ती आप्पांच्या मुलाची. भिंतीवर अजून दहावीचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. मुलगा हिंजवडीत आहे, ज्याला कंटाळून हा पळाला तसल्याच कुठल्यातरी कचेरीत. गणपतीला चार दिवस येतो, आणि एरवी दर रविवारी फोनवर बाग विकायची का ते विचारतो. हा रोज विचारतो, मिरी कधी खुडायची. काकी त्याला झिला म्हणून हाक मारतात, “तुझ्या आवशीक फोन केलंस मां?” म्हणून दटावतात, आणि त्याने बोंडूबरोबर काजूची ओली बीही दातांनी फोडून ओठ सुजवून घेतले, तेव्हा खोबरेल लावत बसतात. मला विचाराल तर ह्या सौद्यात आप्पा-काकींचं नुकसान नाही. चार तास श्रमांचे राहू द्यात, संध्याकाळचे दोन तास तो ऐकून घेतो, आणि त्याचा रोज कुठल्याच मजुराने लावलेला नाही.

पण वैशाख आला की ह्याचा निरोप ठरलेला. रातांबे एकदम पिकतात, आंबे उतरवायचे असतात, पाऊस दाराशी येऊन ठेपलेला, तांबड्या मुंग्या, म्हणजे हुमले, फांदीफांदीवर. काकींची बोटं रातांबे फोडून लालभडक झालेली, सालं खळ्यात वाळत घातलेली, घरात माणसाला माणूस कमी. नेमक्या त्या सकाळी हा सॅक भरून पडवीत उभा राहतो. किनाऱ्याशी आपलं नातं आता पूर्ण झालं, असं त्याला आतून जाणवलेलं असतं. हिमाचलात सफरचंदाची बाग आहे आणि तिथे हवा थंड आहे. काकी आगळाची बाटली देतात, आप्पा तिठ्यापर्यंत पोचवायला जातात.

आठवड्याने शेजारची मुलगी त्याने लिहिलेला अभिप्राय मोबाइलवर वाचून दाखवते. यजमान अत्यंत प्रेमळ, जेवण अप्रतिम, पाचपैकी चार तारे. मात्र कामाचं नियोजन अधिक चांगलं होऊ शकतं. आप्पा शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “फुडचो कधी येतलो?”

“कोण पण येऊंदे,” काकी आतून ओरडतात, “नारळ सोलूक येता काय, ता आधी इचार.”