थेंबाचा माग

नाशकात निवृत्त माणसाची जात कंपनीवरून ओळखावी. नोट प्रेसवाले कितीही खोदून विचारलं तरी आत काय चालायचं ते सांगत नाहीत. सातपूर-अंबडवाले व्हीआरएसचे पैसे कुठे बुडाले ते सांगतात. ओझरवाल्यांना मात्र विचारावंच लागत नाही. १९६४ साली तिथे मिग विमानांचा कारखाना सुरू झाला. म्हणून सिडकोत मिक्सरचं वायसर बदलायचं असलं तरी गोष्ट मिगपासूनच सुरू होते.

आमच्या गल्लीतले काका ओझरवाले. माझ्या २००३ सालच्या डिझेल जीपचं कूलंट आठवड्याला अर्धा लिटर गायब होतंय, हे मी खरं तर बायकोला सांगत होतो. कुंपणापलीकडून आवाज आला, "जमिनीवर डाग पडतो का?"

डाग पडत नव्हता. काकांचे डोळे चमकले. डाग पडणारी गळती म्हणजे त्यांच्या लेखी शाळकरी मुलांचं काम.

मी आधी गॅरेजात जाऊन आलो होतो. तिथला पोरगा म्हणाला होता, "मूठभर हळद टाका शेठ, बसून जाईल." हे ऐकून काका खुर्चीतून उठलेच. "हळद? रेडिएटरचं लग्न आहे का? भोक बुजेल न बुजेल, आतल्या बारीक नळ्या आधी बुजतील!"

पहिल्या दिवशी त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. वास घेतला. कूलंटला गोडसर वास येतो. गोड असलं तरी विषारी, चाखायचं नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. जणू मी चमचा घेऊनच उभा होतो. मग डाव्या सीटखालची चटई चाचपली, कारण हीटरची जाळी फुटली की पाणी गाडीच्या आत उतरतं. "नाशकात हीटर लावतं कोण?" मी म्हणालो. "लावत नाहीस, पण पाणी जातंच ना तिथून?" यावर मी गप्प.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा ओला! काका पायजम्यातच धावत आले, गुडघ्यावर बसले, वाकून वास घेतला आणि सावकाश उठून गल्लीतल्या मोत्याकडे बघत राहिले.

मग ऑइलची कांडी पाहिली. दुधाळ नव्हती. धुराड्यातून पांढरा धूर नव्हता. "म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. वाचलास." हे ते अशा आवाजात म्हणाले, की मला रिपोर्ट नॉर्मल आलेल्या पेशंटसारखं वाटलं. पण काका खूश दिसले नाहीत. चौथा दिवस, पाचवा दिवस. चहा आमच्याकडे. काकू एकदा फाटकाशी येऊन हळूच म्हणाल्या, "घाई नाही हो तुम्हाला?"

सहाव्या दिवशी काकूंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला हातपंप आला. गार इंजिनाचं टोपण काढून त्या जागी हा बसवायचा आणि टोपणावर लिहिलाय तेवढाच दाब भरायचा. गार गाडीत दाब नसतो म्हणून गळत नाही; तापल्यावर गळतं, पण थेंब गरम लोखंडावर वाळून जातो. काकांनी १५ पौंड भरले. काटा स्थिर. आम्ही दोघं श्वास रोखून. मग काटा केसभर सरकला.

काका बॅटरी आणि आरसा घेऊन गाडीखाली शिरले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. फक्त पाय दिसत होते. शेवटी आतून आवाज आला: "सापडला."

वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील खराब झालं की त्यातून थेंब यावा आणि माणसाला कळावं, म्हणून मुद्दाम ठेवलेलं. त्याच्याखाली हिरवट-पांढरी खपली धरली होती. नवा पंप बसवायला गॅरेजातल्या त्याच पोराला अर्धा दिवस पुरला. काका शेजारी उभं राहून मिगबद्दल सांगत होते.

त्यानंतर चार दिवस ते गच्चीवर नुसतेच येरझारा घालताना दिसले. रविवारी म्हणाले, "घाट चढवून बघितल्याशिवाय खरं नाही." म्हणून कसाऱ्यापर्यंत उतरलो आणि परत फिरलो. चढाला तापमानाचा काटा मध्यावरून हलेना. काका काट्याकडे बघत मुकाट बसले होते.

एका वळणाला एक जुनी व्हॅन उभी दिसली. बॉनेट वर, वाफेचा लोट, बाटली हातात घेतलेला एक गृहस्थ. काकांनी पायाशी ठेवलेलं लुगड्याचं गाठोडं उचललं. हे सोबत आणलंय, मला माहीतच नव्हतं. "बाजूला घे," ते म्हणाले, आणि गाडी पुरती थांबायच्या आत काचेतून अर्धे बाहेर वाकून ओरडले, "अहो, टोपण उघडू नका!"