पिशवीवरचं हृदय

तेलाच्या पिशवीवर हल्ली दाणे कमी आणि हृदयं जास्त दिसतात. लालचुटुक हृदय, शेजारी सकाळी पळायला निघालेलं हसरं जोडपं आणि खाली ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉलमुक्त'. ज्या तेलात संध्याकाळी बटाटेवडे सोडायचेत, त्याच्या पिशवीवर ही धावपळ. बरं, कोलेस्टेरॉल हा प्राणिज पदार्थांचा मामला. शेंगदाण्याला, सूर्यफुलाला, करडईला तो आजार जन्मतःच नाही. केळ्यांवर 'हाडं काढलेली आहेत' अशी चिठ्ठी लावून दोन रुपये जास्त घ्यावेत, तसला हा व्यवहार. पण आपण ते दोन रुपये आनंदाने देतो, वर पळीभर तेल जास्त घालतो. हृदयाचं आहे ना!

'लाइट' तेलाचंही तसंच. लाइट असतो तो रंग नाहीतर वास. कॅलरी मात्र ग्रॅमला 9. घाण्याचं घ्या, रिफाइंड घ्या, इटलीहून बोटीने आलेलं घ्या, या आकड्यात काडीचा फरक पडत नाही.

इटलीवरून आठवलं. ऑलिव्हचं अस्सल पहिल्या दाबाचं तेल महाग, म्हणून आपल्याकडे 'भारतीय स्वयंपाकासाठी खास' म्हणत पोमेस नावाचं ऑलिव्ह तेल खपवलं जातं. पोमेस म्हणजे चोथा. एकदा तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून रसायनाने ओढून, शुद्ध करून, वर थोडं चांगलं तेल मिसळून हे बाटलीत भरतात. आपली पेंड आपण म्हशीला घालतो. त्यांच्या पेंडीचं तेल पाहुण्यांना दिसेल असं ओट्यावर मांडतो. आणि करायचं काय, तर पोह्यांची फोडणी.

मिश्र तेलही त्याच घराण्यातलं. पिशवीवर चित्र महागड्या तेलाचं. नियम सांगतो की मिश्रणातलं कोणतंही तेल किमान 20 टक्के हवं. म्हणजे चित्रातलं तेल पाचातला एक वाटा असलं तरी कायदा खूश. बाकीचे चार वाटे कुणाचे, ते चित्र सांगत नाही.

पिशवीवर वजनही असतं, आणि ती तर थोर करमणूक होती. लिटर हे माप तेलाच्या बाबतीत लबाड, कारण तापलं की तेल फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल 21 अंशांना साधारण 919 ग्रॅम भरतं आणि 60 अंशांना 893. काही कंपन्या चक्क '60 अंश तापमानाला एक लिटर' असं छापत होत्या. चंद्रपूरकरांनीही एवढा उन्हाळा पाहिलेला नाही. अखेर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारला सांगावं लागलं की तापमानाची भानगड काढा आणि वजन नीट लिहा.

खोबरेलाचं दुखणं वेगळंच. केरळात आणि गोव्यात ते कढईत, पुण्या-नाशकात डोक्यावर. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की छोट्या बाटलीत भरलं म्हणून शुद्ध खोबरेल केसांचं होत नाही, ते खाद्यतेलच. न्यायमूर्तींना सोलकढीची ओढ लागली होती असं नाही. प्रश्न कराचा होता; तेव्हा खाद्यतेलाला 5 टक्के जीएसटी होता आणि केसांच्या तेलाला 18. तिकडे अमेरिकेत मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं छापावं लागतं. न्यू जर्सीतला बंगाली माणूस ही सूचना शांतपणे वाचतो, कढईत तेल धुरावेपर्यंत तापवतो आणि त्यात मासे सोडतो. बरोबर करतो. माशाच्या झोलाला तेच तेल लागतं. पण आरोग्याच्या नावाखाली त्याच तेलात आमटीला फोडणी देणाऱ्या मराठी माणसाला क्षमा नाही.

'पामतेल आमच्या घरात येत नाही,' असं सांगणाऱ्या काकूंच्या दुसऱ्या हातात फरसाणाचा पुडा असतो. त्याच्या मागे बहुधा पामोलीन लिहिलेलं सापडेल, बिस्किटांच्या पुड्यामागेही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि आयातीत सर्वांत मोठा वाटा पामचा. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली, तेव्हा जकार्तातल्या निर्णयाने इथल्या फरसाणवाल्याला घाम फुटला होता.

आणि याच महाराष्ट्रात सोलापूर-मराठवाड्याकडे करडई होती. कोरडवाहू, रब्बीतली, जमिनीतल्या ओलीवर निभावणारी. गरम ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार, हे ज्यांनी खाल्लं त्यांना हृदयाचं चित्र दाखवावं लागलं नाही. पण झाडाला काटे. कापणीला मजूर मिळेनात, आणि खरिपात सोयाबीनने रान व्यापलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचा वाणसुद्धा काढला. तरी आपण सूर्यफुलाच्या तेलासाठी युक्रेनकडे डोळे लावून बसलो होतो! शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईकच नसेल तर त्याने काटे कुणासाठी सोसायचे?

आता लाकडी घाण्याची लाट आहे. चांगली गोष्ट, वास तरी परत आला. फक्त एक हिशेब करा. किलोभर शेंगदाण्यातून घाण्यावर चारशे-साडेचारशे ग्रॅम तेल निघतं, म्हणजे किलो तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे. दाण्यांचा भाव विचारा, गुणाकार करा. घाणेवाला त्याहून पुष्कळ स्वस्त देत असेल, तर तो संत आहे किंवा घाणा केवळ शोभेचा आहे.

वडापावच्या गाडीवरच्या काळ्या तेलाला मात्र आपण भरभरून नावं ठेवतो. जुलै 2018 पासून नियमच आहे की तळणाच्या तेलातली, पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल बाद. घरातल्या स्टीलच्या गाळणीवाल्या डब्यात दिवाळीच्या चकल्यांचं तेल संक्रांतीपर्यंत मुरत असतं, त्याला कोण तपासणार? फेस येतोय, दाट झालंय, तापायच्या आधीच धूर निघतोय, एवढं डोळ्यांना दिसलं तरी ते संपलं समजा.

भाकरीवर दाण्याचं किंवा करडईचं, माशाला त्या-त्या गावचं, तळणाला कुठलंही ताजं रिफाइंड, वरणावर तूप. यापलीकडे तेलाचं शास्त्र घरच्या ओट्याला लागत नाही. आपण दर दोन वर्षांनी तेल बदलतो, पळी मात्र आजीच्या काळातलीच, आणि आजीचं घर दहा माणसांचं होतं. तेव्हा पुढच्या महिन्याच्या यादीत तेलाचं नाव तेच राहू द्या, आकडा एका पिशवीने कमी लिहा.