मागून हाक

(पडदा उघडतो. रंगमंचावर एक खुर्ची, बाजूला टीपॉय. काकू येतात: साठी ओलांडलेल्या, डोंबिवलीच्या, खांद्याला पर्स. पर्समधून मोबाईल काढतात, बटण दाबून धरतात, स्क्रीन काळी झाल्याची खात्री करतात.)

सूचना झाली ना, मोबाईल बंद ठेवा म्हणून? मी पण केला. तुम्ही नाटकासाठी केलात, मी विश्रांतीसाठी. माझ्या फोनवर माणसं फोन करत नाहीत हो, वस्तू करतात. 'छत्री मागे राहिली.' 'किल्ल्या मागे राहिल्या.' 'सूटकेस मागे राहिली.' एवढ्या तळमळीने माझ्याशी माहेरचंसुद्धा कोणी बोलत नाही.

त्याचं असं झालं. मुलगा टोरंटोहून आला. पूर्वी परदेशातली मुलं चॉकलेटं आणायची, शेजाऱ्यांना दोन-दोन वाटली की आपण मोकळे. याने आणले मूठभर टॅग. कुठल्या कंपनीचे ते सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला! दहाच्या नाण्याहून जरा मोठी पांढरी चकती. म्हणाला, "आई, हे बाबांच्या वस्तूंना लाव, म्हणजे हरवल्या तरी सापडतील."

मी म्हटलं, "बाबांनाच लावते ना. एकात भागेल."

(बसतात.)

आमचे हे! आयुष्य बँकेत गेलं, लोकांच्या पैशांत कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. स्वतःची छत्री मात्र एका पावसाळ्यापलीकडे टिकली नाही. हे छत्री विकत घेतच नाहीत, भाड्याने घेतात. जूनमध्ये दुकानदाराला पैसे द्यायचे, ऑगस्टमध्ये छत्री लोकलमध्ये जमा करायची.

विचारलं तर म्हणतात, "मी विसरत नाही. माझं काम पूर्ण होतं."

आणि पटेल असं सांगतात, बरं का! म्हणे पूर्वी कित्येक एटीएममध्ये आधी पैसे यायचे, मग कार्ड. लोक पैसे घ्यायचे आणि चालायला लागायचे. कार्ड तिथेच! कारण माणूस आला कशासाठी? पैशांसाठी. पैसे मिळाले, काम झालं, मेंदूने शटर ओढलं. मग बँकांनी डोकं चालवलं: आधी कार्ड काढून घ्या, मगच पैसे. माणसाला शहाणं करत बसले नाहीत, यंत्राचा क्रम बदलला. हे म्हणतात, "छत्रीचं तसंच. मी धडपडतो बसायला जागा मिळावी म्हणून. मिळाली. काम झालं."

मी म्हटलं, "नशीब, लग्न लागल्यावर काम झालं म्हणून मला कार्यालयात ठेवून गेला नाहीत."

(थांबून, हळू आवाजात)

निघाले होते. मामांनी अडवलं.

"मोठी माणसंही विसरतात," हे यांचं दुसरं शस्त्र. यो-यो मा माहीत आहे? जगातला नामांकित चेलोवादक. 1999 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीतून उतरला आणि चेलो डिकीत राहिला. 1733 साली बनवलेला, 25 लाख डॉलरचा! बरं, चेलो म्हणजे काय बासरी आहे का राहून जायला? जवळजवळ माणसाच्या उंचीचं धूड ते! पण त्याच दिवशी परत मिळाला. टॅक्सीची पावती घेतली होती, तिच्यावरून गाडी शोधली. हे म्हणाले, "बघ. एवढा मोठा कलाकार!"

मी म्हटलं, "त्याने पावती घेतली होती. तुम्ही रिक्षावाल्याकडून सुटे दोन रुपये तरी परत घेता का?"

(उठतात.)

आता यांचं हे विसरणं काही म्हातारपणाचं नाही, लहानपणापासूनचं आहे. पण आमच्या सासूबाईंचा एक नियम होता. घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नाही. कुठे निघालात, विचारायचं नाही. अपशकुन! आता हे निघालेत ऑफिसला, पाकीट राहिलंय फ्रीजवर. मला दिसतंय, सासूबाईंना दिसतंय. पण हाक मारायची नाही. करायचं काय?

सासूबाई खोकायच्या.

(एकदा खोकून) पाकीट. (दोनदा खोकून) डबा. (तीनदा) चष्मा. एका हिवाळ्यात त्यांना खराखुरा खोकला झाला. हे चार वेळा जिना चढून वर आले. चौथ्यांदा आले ते डबा, पाकीट, चष्मा, छत्री, देवघरातली घंटा, सगळं घेऊन गेले.

आणि नातवाने आणलं काय? मागून हाक मारणारं यंत्र!

तशा टाइलसारख्या कंपन्या गेली दहा-बारा वर्षं हे विकताहेत. 2021 साली सॅमसंग आणि ॲपल दोघेही उतरले. 2024 ला गूगलने अँड्रॉइड फोनांचं जाळं विणलं, आपल्या जिओनेही टॅग काढला. सगळ्यांना साक्षात्कार झाला की माणूस विसरतो. हे पहिलीत होते तेव्हाच सासूबाईंना ते कळलं होतं.

मला वाटलं, चकतीत जीपीएस असणार. अहो, नाही! ती कुठे पडली आहे हे तिचं तिलाही माहीत नसतं. ती नुसती ब्लूटूथवर 'मी इथे, मी इथे' करत बसते. जवळून कोणा परक्याचा फोन गेला की तो ते ऐकतो आणि आपला ठावठिकाणा जोडून वर कळवतो. आमच्या जुन्या चाळीसारखंच की! कोणाची मुलगी कुठे दिसली, संध्याकाळपर्यंत घरी खबर. फरक एवढाच की इथे निरोप कुलूपबंद जातो, पोचवणाऱ्याला आपण काय पोचवलं ते कळत नाही. चाळीत असं कधी घडलेलं नाही.

पण हे झालं हरवल्यानंतरचं. मुलगा म्हणाला, "आता त्याच्याही आधी कळतं. तू वस्तूपासून लांब गेलीस की फोन वाजतो."

"लांब गेल्यावर वाजतो, तर ते आधी कसं?"

"आई, तू फाटे फोडू नकोस."

टॅग जोडले माझ्या फोनला, मुलाचाच जुना फोन तो. यांच्या फोनला का नाही? फोनच विसरतात! आणि इथेच घोळ झाला. कारण हाक वस्तूच्या मालकाला जात नाही, टॅग ज्याच्या फोनला जोडलाय त्याला जाते.

आम्ही दोघं निघालो दादरला. मी लेडीज डब्यात, हे जनरलमध्ये, छत्री यांच्या मांडीवर. गाडी बारा डब्यांची, ब्लूटूथ बिचारं दोन डब्यांपलीकडे पोचेल तर शपथ. कोपर मागे पडलं आणि टिंग! 'छत्री मागे राहिली.' छत्री कुठे मागे राहिली? ती पुढे आहे! नवऱ्यासोबत आहे! पण यंत्राच्या लेखी मी बाई छत्री टाकून पळाले. मुंब्र्याला किल्ल्या. एवढं होईपर्यंत लेडीज डब्यातल्या बायका मला विचारायला लागल्या, "काकू, घरातून निघून आलात का?"

रोज ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देतं? मीही सोडून दिलं. मग एकदा टिंग झालं, मी फोन पर्समध्ये टाकला आणि दादरला उतरले. समोरून हे येताहेत, दोन्ही हात मोकळे, तोंडभर हसू.

"अहो, छत्री?"

"डोंबिवलीच्या बाकावर राहिली बहुतेक. तुझ्या फोनने सांगितलं नाही?"

"सांगितलं ना!"

"मग?"

"रोजच सांगतो!"

बरं, समजा मी विश्वास ठेवला असता. काय केलं असतं? फास्ट गाडी कोपरला थांबते का? हाक अगदी वेळेवर आली, उतरायची सोय ठाण्याला.

त्या यंत्राला अंतर कळतं हो, विसर कळत नाही. तुम्ही वस्तू मुद्दाम ठेवलीत की राहून गेली, ते त्याला काय कळणार? लांब गेलात की बोंब.

पुढची छत्री यांनी रॅकवर ठेवली. आम्ही डोंबिवलीला उतरलो, छत्री गेली कसाऱ्याला. रात्री हे टीव्ही बंद करून माझ्या फोनवरचा ठिपका बघत बसले. "कल्याण! टिटवाळा! आता आसनगाव येईल बघ." आसनगाव येईना. टॅग ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचे फोन आसपास असतील तर निरोप पोचणार, आणि रात्रीच्या कसारा लोकलमध्ये तसे फोन किती असणार? ठिपका टिटवाळ्याला थिजला. हे म्हणाले, "उतरली असेल गणपतीला."

मग रेल्वेच्या 139 ला फोन लावला. पलीकडून विचारलं, छत्री कशी आहे? हे म्हणाले, "काळी."

(प्रेक्षकांकडे बराच वेळ नुसत्या बघतात.)

जुलै महिना. मध्य रेल्वे. काळी.

(खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून)

पण खरी गंमत पुढे आहे. हे यंत्र एका जागी गप्प बसतं. कुठे? घरी! तिथे मुभा दिलेली असते: घरी वस्तू राहिली तर ओरडायचं नाही, घरात ती सुखरूप आहे. आता मला सांगा, आपण विसरतो कुठे? पाकीट, चष्मा, औषधांची डबी, लग्नाला न्यायचं आहेराचं पाकीट... नव्वद टक्के घरीच ना? हा आकडा माझा आहे, कुठल्या पाहणीतला नाही. तर एके दिवशी यांचं टॅग लावलेलं पाकीट राहिलं फ्रीजवर. आम्ही दोघं दादरला. फोन शांत. माझ्या मनात आलं, वा, आज सगळं आठवणीने घेतलेलं दिसतंय! आणि पुलावर टीसीने यांना धरलं. पास पाकिटात. पाकीट सुखरूप! 250 रुपये दंड आणि वर भाडं, आणि तेही माझ्या पर्समधून, कारण पाकीट सुखरूप!

मी चिडून ती घरची मुभा काढूनच टाकली. दुसऱ्या दिवशी भाजीला गेले. कोथिंबिरीची जुडी हातात, भाव चाललाय, आणि टिंग! 'सूटकेस मागे राहिली.'

अगं बाई, सूटकेस माळ्यावर आहे! काशीहून आल्यापासून माळ्यावर आहे! कोथिंबीर काय सूटकेसमध्ये भरून आणू? भाजीवाला म्हणतो, "मावशी, गावाला निघालात?" मी म्हटलं, "हो, आणि जुडी वीसला मागशील तर परत येत नाही!" जुडी पंधराला मिळाली. त्या टॅगचा आजवरचा हा एकमेव फायदा.

(एकदम हसू येतं.)

आणि मग झाला खरा तमाशा. उरलेला एक टॅग मी गुपचूप यांच्या कंबरेच्या पाऊचमध्ये टाकला. पाळत वगैरे नाही हो, काळजी! हे गेले नाशिकला भाच्याकडे. रात्री यांचा घाबराघुबरा फोन. "अगं, मोबाईल सांगतोय, एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय. कोणीतरी माझ्या मागावर आहे!"

बघा! मी यांच्या मागावर आहे, हे यांना लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं असतं तर यंत्र लागलं नसतं.

(हसू ओसरतं.)

यात एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अशीच चकती बायकांच्या पर्समध्ये, गाडीत लपवून पाळत ठेवणारे लोक निघाले. म्हणून ॲपल आणि गूगल या दोघांनी मिळून 2024 च्या मे महिन्यात सोय केली, की टॅग त्यांचा असो की यांचा, तो तुमच्या मागे फिरायला लागला की तुमचा फोन तुम्हाला सांगणार. मुलींनो, असा इशारा आला तर तो टिंग पर्समध्ये टाकून देऊ नका. टॅग शोधून काढा, सोबत कोणाला तरी घ्या, पोलिसांना सांगा. बाकीचे टिंग माझ्यावर सोडा.

(पर्स खांद्याला लावतात.)

आता टॅग फक्त दोन ठेवलेत. एक किल्ल्यांना, एक माझ्या पर्सला. सूटकेसचा काढला. छत्रीला काहीच नाही. तिच्या मुठीला पांढऱ्या रंगाने आमचं आडनाव आणि फोन नंबर लिहिलाय, कारण टॅगमधला सेल साधारण वर्षाने संपतो, रंग तेवढ्यात जात नाही. आणि निघताना मी दारात उभी राहते. मागून हाक मारत नाही, सासूबाईंचा शब्द आहे. पुढे जाऊन आडवी उभी राहते. पाकीट, पास, चष्मा, किल्ल्या. दाखवा, मगच बाहेर!

चला. उठण्याआधी खुर्चीखाली हात घालून बघा. छत्र्या, शाली, पाण्याच्या बाटल्या आपापल्या घ्या, दुसऱ्याच्या घेऊ नका. आणि तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात एक गृहस्थ झोपलेत ना, त्यांना तेवढं कोणी उठवू नका. ते माझे आहेत. मी घेऊन जाते.

(पडदा)